रुळांच्या कागदांतले धाराशिव

१ ऑगस्ट १८९५ रोजी भारतमंत्री आणि इंग्लंडात नोंदलेली बार्शी लाईट रेल्वे कंपनी यांच्यात एक करार झाला. आजच्या धाराशिव जिल्ह्यात रेल्वे कशी आली, कुठून गेली आणि कुणाला वगळून गेली, हे समजून घ्यायचे तर सुरुवात या कराराने करावी लागते. करारातली महत्त्वाची कलमे एका अनपेक्षित ठिकाणी सापडतात. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने कामगार कायद्यावर एक निकाल दिला, त्यात या कराराची हकिगत आली आहे. एक वर्षाची नोटीस देऊन सरकारला हा सगळा रेल्वेमार्ग विकत घेता येईल, अशी तरतूद करारात पहिल्यापासून होती. निकालाकडे पुढे येतोच.

कंपनीमागचा माणूस म्हणजे एव्हरार्ड कॅलथ्रॉप. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरी केलेला हा इंग्रज अभियंता अडीच फुटी अरुंद मार्गाचा कट्टर पुरस्कर्ता होता. गाडीतल्या प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलके रूळ पुरतात, भराव कमी लागतो, खर्च आटोक्यात राहतो आणि तरीही भरपूर माल वाहता येतो, असा त्याचा हिशेब. हिंदुस्थानात रूळ पडण्याआधी त्याने या मार्गाची इंजिने व डबे इंग्लंडात लीड्सजवळ चाचणीसाठी चालवून दाखवले होते. हिशेब खरा ठरला आणि बार्शी लाईटचे नाव जगभरच्या अरुंदमार्गी अभियंत्यांना ठाऊक झाले. पुढे याच कॅलथ्रॉपने वैमानिकांसाठी हवाई छत्री बनवली. रेल्वेच्या इतिहासात तो टिकला तो मात्र बार्शीमुळे.

बार्शीच का? मुंबईहून सोलापूरला जाणारा लोहमार्ग १८६० पर्यंत पुरा झाला होता, पण तो बार्शीला वळसा घालून गेला. जवळचे स्थानक कुर्डुवाडी, आणि त्याचे रेल्वेतले नावच तेव्हा ‘बार्शी रोड’. बालाघाटावरचा कापूस, गळिताची धान्ये, ज्वारी, सगळे बैलगाड्यांनी उतरून बार्शीच्या पेठेत येई आणि तिथून पुन्हा गाड्यांनी कुर्डुवाडीला जाई. १८८४ च्या सोलापूर गॅझेटियरमध्ये कॅम्पबेलने बार्शीची नोंद मोठी व्यापारी पेठ म्हणूनच केली आहे. ही पेठ ब्रिटिश हद्दीत होती, पण तिच्यात उतरणारा पुष्कळसा माल निजामाच्या मुलखात पिकत होता. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली आणि हद्दीपाशी थांबली.

पुढे जायचे तर हैदराबाद संस्थानातून जावे लागणार होते. १९०६-०७ मध्ये रूळ बार्शीहून तडवळ्यापर्यंत आले आणि १९११ मध्ये लातूरला पोचले. दरम्यान कुर्डुवाडीहून दुसरी शाखा पंढरपूरला गेली आणि १९२७ साली तीच मिरजेला भिडली. लातूर ते मिरज असा एकूण २०२ मैलांचा, म्हणजे ३२५ किलोमीटरचा मार्ग तयार झाला. नकाशा उघडून या मार्गावर बोट फिरवले तर बार्शी, पांगरी, येडशी, तडवळे, ढोकी, मुरूड, लातूर अशी गावे लागतात. जिल्ह्याचे ठाणे असलेले धाराशिव त्यात नाही. येडशी धाराशिवपासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. बार्शीहून निघालेला रूळ बालाघाट चढून थेट लातूरच्या बाजाराकडे वळला. कंपनी मालाच्या भाड्यावर जगणार होती, आणि माल लातूरला होता. त्यावेळी लातूर हे औसा तालुक्यातले एक गाव. जिल्ह्याच्या ठाण्यापेक्षा तालुक्यातली पेठ कंपनीला जवळची वाटली, आणि तिच्या बाजूने पाहिले तर त्यात चूक काही नव्हते.

पण एकदा रूळ पडले की गावांचे भवितव्यही बदलते, आणि ते पुन्हा मागे आणता येत नाही. लातूर वाढत गेले. कचेरीच्या, कोर्टाच्या आणि खजिन्याच्या गावातला, म्हणजे धाराशिवचा, माणूस मुंबईला निघाला की आधी रस्त्याने येडशी गाठी, तिथून बार्शी लाईटने कुर्डुवाडी, आणि कुर्डुवाडीला रात्री-अपरात्री मोठ्या गाडीची वाट पाही. कुर्डुवाडीला गाडी बदलावीच लागे, कारण अडीच फुटी रुळावरचा डबा साडेपाच फुटी रुळावर जाऊ शकत नाही. मालाच्या बाबतीतही हेच. प्रत्येक पोते तिथे उतरवून दुसऱ्या डब्यात भरावे लागे. लांब पल्ल्याची सलग गाडी या भागाला शंभर वर्षे मिळाली नाही, याचे साधे तांत्रिक कारण रुळांमधल्या या तीन फुटांच्या फरकात आहे.

तडवळ्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कसबे तडवळे आज धाराशिव तालुक्यात आहे. रूळ लातूरकडे सरकण्याआधी काही वर्षे ते या मार्गाचे शेवटचे ठिकाण होते. फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे महार-मांग परिषदेसाठी आले. निजामाच्या राज्यात, वतनाच्या गुलामीविरुद्ध, एका खेड्यात भरलेली परिषद. ब्रिटिश हद्द जवळ आणि रूळ हाताशी असलेले गाव तिच्यासाठी निवडले गेले, हे मला महत्त्वाचे वाटते. कापसासाठी टाकलेल्या रुळांवरून माणसे आणि विचारही आले. कंपनीच्या जमाखर्चात त्यांना जागा नव्हती.

स्वातंत्र्यानंतर सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि मार्गातली जुनी सरहद्द पुसली गेली. रेल्वे मात्र अजून इंग्रजी कंपनीचीच होती. इथे १९५६ चा तो निकाल वाचावा. १९ डिसेंबर १९५२ रोजी राष्ट्रपतींच्या वतीने कंपनीला नोटीस गेली: १८९५ च्या करारानुसार सरकार १ जानेवारी १९५४ पासून हा मार्ग ताब्यात घेत आहे. ११ नोव्हेंबर १९५३ रोजी कंपनीने आपल्या सगळ्या कामगारांना कळवले की ३१ डिसेंबरच्या दुपारनंतर तुमची नोकरी संपेल. जे तयार असतील त्यांना सरकार आपल्या अटींवर कामावर घेईल. या अटी रेल्वे बोर्डाकडून नोटिशीनंतर महिन्याभराने, डिसेंबर उजाडल्यावर आल्या. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी मार्ग सरकारी झाला. बहुतेक कामगार पूर्वीच्याच पगारावर कामावर राहिले, काहींचा पगार घटला, आणि काहींनी सरकारी नोकरी नाकारली.

कामगार संघटनेचे अध्यक्ष होते के. एन. जोगळेकर. मीरत खटल्यात शिक्षा भोगलेले हे जुने कामगार पुढारी. नोकरी संपवली तर छाटणीची भरपाई द्या, अशी संघटनेची मागणी होती. कायद्यात ‘छाटणी’ची व्याख्या व्यापक होती: शिस्तभंगाची शिक्षा सोडून कोणत्याही कारणाने मालकाने नोकरी संपवली तर ती छाटणी. शब्द पाहता कामगारांची बाजू बळकट दिसत होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २७ नोव्हेंबर १९५६ रोजी न्यायमूर्ती एस. के. दास यांनी लिहिलेल्या निकालात न्यायालयाने ठरवले की छाटणी म्हणजे चालू उद्योगातले जादा कामगार कमी करणे. उद्योगच बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला, तर त्याला छाटणी म्हणत नाहीत. कामगार हरले.

या निकालाने देशभर अस्वस्थता पसरली आणि १९५७ मध्ये संसदेने औद्योगिक विवाद कायद्यात दोन नवी कलमे घातली. उद्योगाची मालकी बदलली किंवा तो बंद पडला तर कामगाराला भरपाई मिळेल, अशी सोय त्यांत केली गेली. पण ती कलमे लागू झाली २८ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. ज्यांच्या लढ्याने कायदा बदलला, ते कुर्डुवाडी-बार्शी-लातूरचे रेल्वे कामगार त्या तारखेच्या अलीकडेच राहिले. छाटणीवरच्या वादांत पुढेही या खटल्याचा दाखला दिला जात राहिला. बार्शी लाईटच्या कोणत्याही इतिहासात या माणसांना एक पान तरी मिळायला हवे, असे मला मनापासून वाटते.

सरकारी झाल्यावरही मार्ग अरुंदच राहिला, आणखी अर्धशतक. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला. या विभाजनाचा रेल्वेच्या प्रश्नाशी संबंध फारसा कुणी जोडत नाही, पण तो जोडायला हवा. तोवर लातूरचे स्टेशन हे उस्मानाबाद जिल्ह्याचेच स्टेशन होते. विभाजनानंतर नव्या जिल्ह्याकडे ठाण्यातच स्टेशन आले, पेठ आली आणि दिल्लीत वजन असलेले पुढारीही आले. जुन्या जिल्ह्याकडे येडशी, कळंब रोड, ढोकी अशी लहान स्थानके उरली, आणि ठाण्याचे गाव रुळांपासून दूरच राहिले.

रुंदीकरणाचा सगळा आग्रह मिरज-लातूर मार्गासाठी होता. त्या आग्रहात धाराशिवला एक गोष्ट मिळाली, आणि ती खरोखर मोठी होती: मार्गाचे ब्रॉडगेज करताना रूळ जुन्या वाटेने थेट येडशीला न नेता धाराशिवला वळवले गेले. नव्वदहून अधिक वर्षांनी जिल्ह्याचे ठाणे रेल्वेच्या नकाशावर आले. सप्टेंबर २००७ मध्ये लातूर-धाराशिव हा टप्पा आधी खुला झाला, आणि ऑक्टोबर २००८ मध्ये धाराशिव-कुर्डुवाडी. म्हणजे जवळपास वर्षभर धाराशिवचा नवा रुंद रूळ फक्त पूर्वेकडे जात होता आणि मुंबईची दिशा बंद होती. पुढे पंढरपूर-मिरज टप्पाही पुरा झाला आणि मराठवाड्याहून पश्चिम महाराष्ट्रात सलग गाडी जाऊ लागली.

त्यानंतर आलेल्या गाड्यांची नावे वाचावीत. मुंबई-लातूर. हैदराबाद-पुणे. नांदेड-पनवेल. कोल्हापूर-नागपूर. कोल्हापूर-धनबाद ही दीक्षाभूमी एक्सप्रेस. ऑक्टोबर २०२३ पासून पुणे-हरंगुळ, आणि हरंगुळ हे लातूरला लागून असलेले छोटे स्थानक. सगळ्या गाड्या धाराशिवला थांबतात, त्यामुळे शंभर वर्षांच्या तुलनेत परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, हे मान्य करायलाच हवे. पण धाराशिवहून सुटणारी लांब पल्ल्याची गाडी एकही नाही. हे गाव प्रत्येक प्रस्तावात दोन मोठ्या नावांच्या मधोमध येते.

मधल्या गावाचे नुकसान डब्यांच्या हिशेबात होते. लांब पल्ल्याच्या गाडीत आरक्षित जागांचा मोठा वाटा सुटण्याच्या आणि शेवटच्या ठिकाणांकडे जातो. मधल्या स्थानकांना मिळून थोड्या जागांचा सामाईक कोटा असतो, आणि तो भरला की प्रतीक्षा यादी फारशी पुढे सरकत नाही. शिवाय गाडी कुठून सुटावी हे प्रवाशांच्या संख्येवर एकट्याने ठरत नाही. जिथे डबे तपासायला पिट लाईन आहे, पाणी भरायची सोय आहे, रात्री गाडी उभी करायला मोकळा रूळ आहे, तिथून गाडी सोडणे सोपे जाते. हरंगुळसारख्या लहान स्थानकाचे नाव पुण्याच्या गाडीला लागले ते तिथे गाडी उभी करता येते म्हणून. धाराशिवच्या मागण्यांमध्ये नवीन गाडीचे नाव नेहमी असते, पण ती गाडी जिथे उभी राहील, धुतली जाईल आणि तपासली जाईल त्या रुळांचा उल्लेख क्वचित सापडतो. मला वाटते ही या मागण्यांतली सगळ्यात मोठी उणीव आहे.

२०१७ मधला वाद हेच दाखवतो. रेल्वेने मुंबई-लातूर गाडी पुढे बीदरपर्यंत नेली. रुळावर काही नवीन बांधायचे नव्हते, एका जिल्ह्याची गाडी दुसऱ्या राज्यातल्या दुसऱ्या जिल्ह्याला जोडायची होती. बीदरकरांना मुंबई हवी होती आणि ती मागणी चुकीची नव्हती. लातूरकर रस्त्यावर उतरले, कारण बीदरहून भरून आलेल्या गाडीत लातूरला जागा उरणार नव्हत्या. शेवटी तोडगा निघाला: आठवड्यातले चार दिवस गाडी लातूरहून, तीन दिवस बीदरहून. धाराशिवला दोन्ही गाड्या रात्री उशिरा येतात, आणि जागांचा हिशेब तिथे आणखी घट्ट होतो. त्या वादात धाराशिवचा आवाज जवळपास नव्हताच, कारण वाद गाडीच्या टोकांवरचा होता आणि धाराशिव टोकाला नव्हते.

याच मार्गाने आणखी एक गाडी गेली, जिची नोंद वेळापत्रकात सापडत नाही. एप्रिल २०१६ मध्ये, सलग दुष्काळानंतर लातूरची पाण्याची सोय संपली तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. १२ एप्रिलच्या पहाटे ती लातूरला पोचली: दहा टँकर डबे, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास डब्यांची गाडी धावू लागली आणि एका खेपेला पंचवीस लाख लिटर पाणी येऊ लागले. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, धाराशिव, लातूर, असा तिचा मार्ग सुमारे ३४० किलोमीटरचा. ही गाडी आली ती रूळ रुंद असल्यामुळे आणि मिरज-लातूर सलग जोडले असल्यामुळे. दहा वर्षे आधी असाच दुष्काळ पडला असता तर एवढे पाणी या वाटेने आणणे शक्य नव्हते. एखादा मार्ग परतावा देईल का, हे आकडे मांडून ठरवणाऱ्यांनी या पंचवीस लाख लिटरचे काय मोल लावले असते?

परताव्याचा हा निकष नव्या मार्गांच्या फायलीत नेहमी आडवा येतो. गुंतवणुकीवर १४ टक्के परतावा देणारा मार्गच किफायतशीर, असा रेल्वेचा जुना नियम होता. धाराशिवसारख्या जिल्ह्यात, जिथे रूळ नसल्यामुळे व्यापार वाढत नाही आणि व्यापार नसल्यामुळे रूळ येत नाही, तिथे या नियमात बसणारा मार्ग निघणे अवघडच. मग एकच वाट उरते: राज्य सरकारने खर्चाचा निम्मा वाटा उचलायचा.

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव मार्ग याच वाटेने आला. लांबी ८४.४४ किलोमीटर, पहिला अंदाजित खर्च ९०४.९२ कोटी रुपये. ९ जानेवारी २०१९ रोजी सोलापुरात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पायाभरणी झाली, तेव्हा सुमारे हजार कोटींचा आकडा सांगितला गेला. राज्याचा निम्मा वाटा म्हणून ४५२ कोटी ४६ लाखांना मान्यता मिळाली. २०२५ मध्ये सुधारित खर्च ३,२९५ कोटींच्या घरात गेला आणि राज्याचा वाटाही त्याच पटीत वाढला. म्हणजे पहिल्या अंदाजाच्या साडेतीन पटींहून जास्त. उशिराची किंमत यापेक्षा स्पष्टपणे कुठल्याच कागदावर लिहिलेली सापडणार नाही. आज धाराशिवहून सोलापूर रस्त्याने सत्तर किलोमीटरच्या आत आहे, पण रेल्वेने जायचे तर पश्चिमेला कुर्डुवाडीपर्यंत जाऊन मग आग्नेयेला वळावे लागते. तुळजाभवानीच्या दर्शनाला महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणातून माणसे येतात, नवरात्रात तर पायी चालत येतात, आणि त्यांना उतरायला जवळचे मोठे स्टेशन अजून सोलापूरच आहे.

या मार्गाचा फायदा तुळजापूरपुरता पाहिला जातो, ते मला अपुरे वाटते. हा मार्ग झाला की धाराशिव जंक्शन होईल. एकीकडे कुर्डुवाडी-मुंबई, दुसरीकडे लातूर, तिसरीकडे सोलापूर आणि तिथून थेट दक्षिण. जंक्शनला जागा लागते, जादा रूळ लागतात, गाड्या उभ्या कराव्या लागतात. म्हणजे जी सोय नसल्यामुळे इथून गाडी सुटत नाही, ती सोय या बांधकामात करून घेण्याची संधी आहे. नकाशे पक्के होण्याच्या काळात पिट लाईनची आणि पाणी भरण्याच्या रुळाची मागणी रेटली नाही, तर ती पुढची वीस वर्षे रेटत बसावे लागेल.

जिल्ह्याच्या उत्तरेचे काय? भूम, परंडा, वाशी आणि कळंब या तालुक्यांची ठाणी रुळांपासून दूर आहेत, दक्षिणेला उमरगा आणि लोहाराही तसेच. १९९३ च्या भूकंपात सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली ती याच दक्षिण भागात. सोलापूर-धाराशिव-बीड-पैठण-छत्रपती संभाजीनगर-जळगाव ही मागणी जुनी आहे आणि तिची सर्वेक्षणेही झाली आहेत. शेजारच्या बीडचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवावा. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला तेव्हा खर्च ३५३ कोटी होता. नंतर तो ४,८०० कोटींच्या वर गेला, आणि बीड शहरात पहिली गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. मंजुरीपासून तीस वर्षे. ज्या मुलाने पहिलीत असताना रेल्वेची बातमी ऐकली, त्याचे स्वतःचे मूल आता शाळेत जात असेल.

बीडला रूळ पोचल्यामुळे धाराशिव-बीड हा तुकडा आता दोन जिवंत मार्गांना जोडणारा झाला आहे. पूर्वी तो रुळांपासून रुळांपर्यंत न जाणारा, अधांतरी प्रस्ताव होता. त्यामुळे त्याच्या वाहतुकीचा अंदाज नव्याने काढण्याला आधार मिळतो. जुन्या सर्वेक्षणांतले आकडे बीडमध्ये गाडी नसतानाचे आहेत. धाराशिवच्या लोकप्रतिनिधींनी संसदेत पहिला प्रश्न विचारायचा तर तो हाच विचारावा: हे सर्वेक्षण पुन्हा कधी, आणि या वेळी कळंब आणि वाशीच्या प्रवाशांची मोजणी कोण करणार?

१ जून २०२५ पासून स्टेशनच्या फलकावरचे उस्मानाबाद हे नाव बदलून धाराशिव झाले. वेळापत्रकात, तिकिटावर, आरक्षणाच्या संगणकात सगळीकडे ते नाव आता आहे. गाडीच्या नावात ते अजून कुठेच नाही. मुंबई-धाराशिव किंवा धाराशिव-पुणे अशी पाटी लावलेला डबा आधी इथल्या पिट लाईनवर उभा राहावा लागेल. त्या पिट लाईनचा प्रस्ताव सोलापूर विभागाच्या कचेरीत सादर करण्याची वेळ हीच आहे.